रहस्य वेगळं, संदिग्धता वेगळी: युद्धकाळातला हेर रंगमंचासाठी लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन अंकी नाटक, १९४३ मधलं पॅरिस. ब्रिटिशांनी पाठवलेला हेर पकडला जातो, जर्मनांना मदत करू लागतो, त्याच्यामुळे तीन सहकारी पकडले जाऊन मारले जातात. शेवटच्या प्रवेशात कळतं की हे सगळं तो लंडनच्या आदेशावरून करत होता. संहितेचं वाचन झाल्यावर ऐकणाऱ्यांचं मत पडलं की पात्राला 'ग्रे शेड' आलेली नाही, ते नुसतं गोंधळलेलं वाटतं. मग चुकतंय कुठे?

चुकतंय शेवटच्या प्रवेशात, पण दुरुस्ती पहिल्या अंकात करावी लागेल.

प्रेक्षकापासून माहिती लपवली की रहस्य तयार होतं, आणि माहिती दिली की ते संपतं. नैतिक संदिग्धतेचं नेमकं उलट आहे. प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं: हेराला काय माहीत होतं, त्याच्या हातात किती वेळ होता, त्याच्या एका 'हो'मुळे कोण मेलं. एवढं माहीत असूनही निवाडा करता येत नाही, तेव्हा ते पात्र खऱ्या अर्थाने करडं होतं. तुमच्या नाटकात लंडनचा आदेश उघड झाला की तिन्ही मृत्यूंचा हिशेब एका वाक्यात मिटतो. प्रेक्षक सुटतो आणि नायकही सुटतो. दीड तास जो गोंधळ वाटला तो लेखकाने माहिती दडवल्यामुळे होता, हे त्याला कळतं आणि त्याला थोडं फसवल्यासारखं वाटतं. तो आदेश पहिल्या अंकाच्या मध्यावर आणा. मग पुढचा प्रत्येक प्रवेश जड होईल, कारण आता प्रश्न 'हा फितूर आहे का' असा राहत नाही. 'आदेश होता म्हणून याने जे केलं ते चालतं का' असा होतो.

इथेच एक सावधगिरीची सूचना. लंडनने स्वतःचंच जाळं मुद्दाम बळी दिलं, ही कल्पना फ्रान्समधल्या 'प्रॉस्पर' या ब्रिटिश हेरजाळ्याबद्दल युद्धानंतर पुष्कळ फिरली. त्या जाळ्याचा प्रमुख फ्रान्सिस सटिल २४ जून १९४३ ला पकडला गेला आणि पाठोपाठ अटकांची रांग लागली. ब्रिटिशांच्या अधिकृत इतिहासाने मुद्दाम बळी दिल्याचा आरोप फेटाळला आहे. नाटकात तुम्ही ती कल्पना खुशाल वापरा, पण खऱ्या जाळ्याचं आणि खऱ्या माणसांचं नाव देऊन वापरू नका. त्यांची मुलं-नातवंडं आहेत.

आदेशामुळे पाप धुतलं जात नाही हे दाखवणारं खरं उदाहरण हवं असेल तर १९४४ चं लंडन घ्या. १३ जूनपासून जर्मनांचे व्ही-१ उडते बॉम्ब पडू लागले. जर्मन ते लंडनच्या मध्यावर रोखत होते, पण बरेचसे अलीकडेच, म्हणजे दक्षिणेकडच्या वस्तीत पडत होते. बॉम्ब नेमके कुठे पडले हे जर्मन आपल्या लंडनमधल्या हेरांना विचारत होते आणि ते हेर सगळे ब्रिटिशांच्या हाताखाली दुहेरी काम करत होते. मग योजना अशी झाली: शहराच्या पलीकडे, वायव्येला पडलेल्या बॉम्बची जागा कळवायची, पण वेळ द्यायची अलीकडे पडलेल्या बॉम्बची. जागा खरी, वेळही खरी, जोडी तेवढी खोटी. जर्मनांना वाटावं की बॉम्ब पुढे जाताहेत, म्हणून त्यांनी पल्ला कमी करावा. अर्थ सरळ होता. गर्दीचा मध्यभाग वाचावा म्हणून दक्षिण लंडनच्या घरांवर बॉम्ब ओढून घ्यायचे. मंत्रिमंडळातून हर्बर्ट मॉरिसन यांनी विरोध केला: कोणी मरावं हे ठरवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तरी फसवणूक चालू राहिली. या युक्तीमागचे शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांचे आईवडील आणि त्यांची जुनी शाळा त्याच दक्षिण भागात होती.

यात खलनायक नाही. कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी घाबरलं नाही. गणित बरोबर असेलही, तरी जिच्या घरावर बॉम्ब पडला त्या बाईला हे गणित समजावून सांगायला कोणी जाऊ शकणार नाही. तुमच्या नाटकात नेमकी हीच बाई नाही. पकडले गेलेले तिघं फक्त नावं आहेत, एक ओळ आणि संपले. त्यांपैकी किमान एकाला पहिल्या अंकात पूर्ण प्रवेश द्या, सात-आठ मिनिटांचा, आणि त्यात हेरगिरीचं काही नको. त्याला नायकाकडून उसने घेतलेले बूट परत करायचे असू देत, रेशनच्या बटाट्यांवरून भांडण असू दे. जो मरणार आहे त्याला प्रेक्षक ओळखत नसेल तर संदिग्धता फक्त चर्चेत उरते.

आता निर्णयांबद्दल. अशा नाटकात नायकाचे तीन, फार तर चार निर्णय पुरतात. तुमच्या संहितेत अकरा आहेत, म्हणून एकही जड होत नाही. प्रत्येक निर्णयासाठी कागदावर चार गोष्टी लिहून काढा: त्या क्षणी त्याला काय माहीत आहे, किती वेळ आहे, किंमत कोण मोजणार, आणि नंतर तो वरिष्ठांना काय सांगणार. यातली चौथी बहुतेक लेखक विसरतात. केलेली गोष्ट आणि सांगितलेली गोष्ट यांच्यात जी फट असते, तिथेच पात्राचा खरा रंग दिसतो.

वेळेचं गणित हेरांच्या प्रशिक्षणातच होतं. पकडलं गेल्यावर ४८ तास तोंड उघडायचं नाही, तेवढ्यात बाहेरच्यांनी घरं बदलायची, कागद जाळायचे, असा संकेत होता. तो नाटककारासाठी सोन्यासारखा आहे, कारण त्यामुळे 'बोलला की नाही बोलला' हा शाळकरी प्रश्न संपतो. एकोणपन्नासाव्या तासाला बोललेला माणूस फितूर आहे का? सतराव्या तासाला फक्त एक पत्ता सांगितला, आणि तो रिकामा झाला असेल असं त्याला मनापासून वाटत होतं, तर? आणि बाहेरचा माणूस आळसाने किंवा प्रेमापोटी त्या घरी थांबून राहिला असेल तर दोष कोणाकडे? रंगमंचावर घड्याळ ठेवू नका, ते फार ढोबळ होतं. पहारेकऱ्याची पाळी बदलणं, सूप येणं, खिडकीतला उजेड सरकणं यांवरून तास मोजू द्या.

दुसरी दुरुस्ती रेडिओची. संहितेत नायक खिशातून यंत्र काढून अर्धा तास बोलतो, हे होऊ शकत नाही. संदेश बोलून जात नसत, मोर्समध्ये जात, तेही आधी सांकेतिक करून. सुटकेसमधला जो संच सर्वत्र ओळखीचा आहे तो सुमारे १५ किलोचा होता. नटाला रिकामी पेटी देऊ नका, आत वजन घाला. खांदा झुकला पाहिजे आणि तो झुकत नाही असं दाखवायची धडपड दिसली पाहिजे, कारण हलकी बॅग असल्यासारखं चालणं हाच त्या माणसाचा जीव वाचवणारा अभिनय होता. ॲन्टेनासाठी वीस मीटरच्या आसपास तार पसरावी लागे. सुरुवातीच्या काळात संदेश किमान २०० अक्षरांचा असावा असा नियम होता, कारण फार छोटा संदेश सांकेतिक लिपीच्या दृष्टीने धोक्याचा. पाच-पाच अक्षरांचे चाळीस गट, मिनिटाला पंधरा-वीस गटांचा वेग. म्हणजे नुसतं पाठवणं दोन ते पावणेतीन मिनिटांचं. पण हाक देणं, उत्तराची वाट पाहणं, खरखरीत हरवलेले गट पुन्हा पाठवणं यात वीस मिनिटं सहज जात, आणि तेवढ्यात दिशाशोधक गाड्या गल्लीपर्यंत येत. जर्मन एकेका भागाची वीज तोडून पाहत: कुठली वीज गेल्यावर संदेश थांबला? हा प्रसंग जसाच्या तसा वापरा. दिवा जातो, यंत्र मुकं होतं, आणि जिच्या घरात हे चाललंय ती म्हातारी अंधारात विचारते, 'फक्त आमच्याकडचीच गेली का?'

संदेशात एक 'सुरक्षा खूण' असे: ठरलेल्या जागी ठरलेली चूक मुद्दाम करायची. ती चूक नसेल तर लंडनने समजायचं की माणूस शत्रूच्या हातात आहे. बहुतेक हेरांना दोन खुणा दिल्या होत्या, एक छळ झाल्यास सांगून टाकण्यासाठी आणि दुसरी खरी. हॉलंडमध्ये ६ मार्च १९४२ ला पकडलेल्या ह्युबर्ट लाउवर्सने जर्मनांच्या देखरेखीखाली संदेश पाठवताना खरी खूण गाळली. लंडनने लक्ष दिलं नाही. त्याने संदेशाच्या मागेपुढे 'पकडलो' हा शब्दही घुसडायचा प्रयत्न केला, तरी उपयोग झाला नाही. अब्वेर या जर्मन लष्करी हेरखात्याच्या हेरमान गिस्केसने या एका धाग्यावर पन्नासहून अधिक हेर विमानातून उतरताच पकडले आणि त्यांतले बहुतेक सप्टेंबर १९४४ मध्ये माउथहाउझेनच्या छळछावणीत मारले गेले. पॅरिसमध्ये पकडलेल्या रेडिओचालक गिल्बर्ट नॉर्मनच्या नावाने खुणेविना संदेश गेला तेव्हा तर लंडनहून उत्तर आलं की तुम्ही दुसरी खूण विसरलात, पुढच्या वेळी काळजी घ्या. जर्मनांना कळून चुकलं की आणखी एक खूण आहे. खोलीत दोघं बसलेत, एक कैदी आणि एक अधिकारी, आणि हे उत्तर कागदावर उतरतंय. यापेक्षा भयंकर प्रवेश कल्पनेने लिहिणं कठीण आहे. त्या क्षणानंतर कैद्याने सहकार्य केलं तर त्याची निष्ठा कोणाशी तुटली? त्याने खूण पाळली होती, लंडनने पाळली नाही.

तुमचा जर्मन अधिकारी मात्र ओरडतो, बूट आपटतो. हे काढा. छळ होता आणि तो भयानक होता, पण माणसं वळवण्याचं काम अनेकदा सभ्य लोकांनी केलं. पॅरिसमधल्या ८४, ॲव्हेन्यू फॉश या जर्मन सुरक्षा सेवेच्या इमारतीत कैद्यांना वरच्या मजल्यावर ठेवत आणि काहींना बरं जेवण देत. तिथे जॉन स्टार नावाचा ब्रिटिश हेर होता, मूळचा चित्रकार. तो जर्मनांना नकाशे नीट काढून देई, त्यांची चित्रं काढी. त्यातून त्यांना काय माहीत आहे ते आपल्याला कळत होतं आणि सुटल्यावर ते लंडनला सांगायचं होतं, असं त्याचं म्हणणं. नोव्हेंबर १९४३ च्या अखेरीस त्याने, ब्रिटिशांचीच रेडिओचालक नूर इनायत खान हिने आणि फ्रेंच अधिकारी लेऑं फाय याने मिळवलेल्या स्क्रूड्रायव्हरने छतावरच्या खिडक्यांचे गज काढले आणि तिघंही छपरावर पोहोचले. नेमका तेव्हा हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला, कोठड्या तपासल्या गेल्या, तिघं पकडले गेले. पुन्हा पळणार नाही असा शब्द द्या, असं अधिकाऱ्याने सांगितलं. स्टारने दिला. नूर आणि फायने नाकारला. दोघांची रवानगी जर्मनीत झाली आणि दोघंही परत आले नाहीत. स्टार छावण्यांतून जिवंत परतला. पुढे फ्रान्समध्ये त्याची चौकशी झाली, पण खटला उभा राहिला नाही.

आता यात स्टारला भित्रा लिहिणं सर्वांत सोपं आणि सर्वांत चुकीचं. जो माणूस जीव धोक्यात घालून छपरावर चढला तोच पकडल्यावर शब्द देतो. दोन्ही कृती एकाच माणसाच्या आहेत आणि नटाने दोन्ही एकाच शरीराने केल्या पाहिजेत.

नूरबद्दल मराठी वाचकाला एक जवळचा धागा आहे. तिचे वडील हजरत इनायत खान गायकवाडांच्या बडोद्यात, संगीताच्या घराण्यात जन्मले. सूफी संस्कारात वाढलेली ही मुलगी १६ जून १९४३ च्या रात्री फ्रान्समध्ये उतरली, आणि आठवडाभरात आजूबाजूचे सगळे पकडले जाऊ लागले, तरी ऑक्टोबरपर्यंत संदेश पाठवत राहिली. १३ सप्टेंबर १९४४ ला तिला डाखाउत गोळी घातली. तिचं पुतळ्यासारखं पूजन करणारी नाटकं होतात, पण तिची वही विसरली जाते. तिने पाठवलेल्या संदेशांच्या नकला एका वहीत जपल्या होत्या. ती वही जर्मनांच्या हाती लागली आणि तिच्याच यंत्रावरून, तिच्याच शैलीत लंडनला खोटे संदेश गेले. त्यावर विश्वास ठेवून पाठवलेली माणसं थेट शत्रूच्या हातात उतरली. तिने चौकशीत तोंड उघडलं नाही. बोलली ती वही. धैर्य पूर्ण आणि तरी माणसं मेली, ही गोष्ट तिच्या थोरवीला बाधा आणत नाही, पण नाटकात ती यायलाच हवी.

फितुरीच्या बाजूने पाहायचं तर एकाच जाळ्यातली दोन माणसं शेजारी ठेवा. पोलिश अधिकारी रोमान चेर्न्याव्स्की आणि त्याची सहकारी मातिल्द कारे नोव्हेंबर १९४१ मध्ये पॅरिसमध्ये एका दिवसाच्या अंतराने पकडले गेले. दोघांनीही जर्मनांसाठी काम करायचं मान्य केलं. कारेने लगेच. ठरलेल्या भेटींना ती अब्वेरच्या ह्यूगो ब्लायखरला सोबत घेऊन गेली आणि सहकारी एकेक करून अटकेत गेले. चेर्न्याव्स्कीने कित्येक महिने तुरुंगात काढून सौदा केला: माझ्या पकडलेल्या माणसांना युद्धकैद्यांसारखं वागवा, मग मी इंग्लंडमध्ये तुमचा हेर होतो. इंग्लंडला पोहोचल्यावरही त्याने काही आठवडे हे लपवलं, मग सांगितलं आणि 'ब्रूटस' या नावाने जर्मनांना नॉर्मंडीवरच्या चढाईबद्दल फसवण्यात मोठा वाटा उचलला. त्याची माणसं मात्र त्या सगळ्या काळात जर्मनांच्या ताब्यात होती. तो उघडा पडला असता तर किंमत त्यांनी मोजली असती. कारेला १९४९ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती नंतर कमी झाली. चेर्न्याव्स्की सन्मानाने लंडनमध्ये जगला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोन्हीकडून पगार घेणाऱ्या हेराला 'उभयवेतन' हा नेमका शब्द आहे, आणि अशा माणसाला कामावर पाठवताना त्याची बायकामुलं ताब्यात ठेवावीत असं तिथे स्पष्ट सांगितलं आहे. जर्मनांनी तेच केलं. 'खाल्ल्या मिठाला जागणं' हा आपला मोजमापाचा जुना दगड अशा माणसापुढे निकामी ठरतो, कारण मीठ दोन घरांचं आहे आणि दोन्ही घरांत त्याची माणसं ओलीस आहेत.

कारेची गोष्ट लिहिताना एक मोह आवरा. ती ब्लायखरची रखेल झाली हे खरं, पण लेखक तिथेच थांबतात आणि फितुरीचं सगळं कारण पलंगावर नेऊन ठेवतात. पुरुष हेराच्या बाबतीत हाच प्रश्न 'धोरण' म्हणून मांडला जातो. पहिल्या रात्रीनंतर सकाळी तिने कपडे चढवले आणि ठरलेल्या भेटीला गेली. तो सकाळचा प्रवेश लिहा.

भारतीय उदाहरण हवं असेल तर भगतराम तलवार. १९४१ च्या सुरुवातीला सुभाषबाबूंना काबूलपर्यंत पोहोचवणारा, रहमत खान नावाने वावरणारा हा वायव्य सरहद्दीवरचा तरुण. सुभाषबाबूंना पश्तू येत नव्हती म्हणून त्यांनी मुका-बहिरा पठाण व्हायचं, बोलायचं ते याने. भाऊ हरिकिशन पंजाबच्या गव्हर्नरवर गोळी झाडल्याबद्दल १९३१ मध्ये फासावर गेलेला. हाच भगतराम पुढे जर्मनांचा, रशियनांचा आणि मग ब्रिटिशांचाही हेर झाला. ब्रिटिशांनी त्याला 'सिल्व्हर' हे नाव दिलं, जर्मनांनी लोहक्रॉस. घरभेदी म्हणून हात झटकण्याआधी तारीख पाहा. २२ जून १९४१ ला जर्मनीने रशियावर हल्ला केला. त्याआधी ब्रिटिशांविरुद्ध जर्मनांची मदत घेणं आणि कम्युनिस्ट असणं एकाच माणसाला जमत होतं. त्या सकाळनंतर जमेना. माणूस तोच राहिला, पायाखालची जमीन हलली. म्हणून संहितेत प्रत्येक प्रवेशाच्या वर तारीख लिहा, ती प्रेक्षकाला दिसली नाही तरी चालेल. नटाला दिसली पाहिजे.

भाषेबद्दल. फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन सगळं मराठीतच होणार, तेव्हा नायकाच्या दोन मराठी ठरवा. बनावट ओळखीची मराठी थोडी पुस्तकी, वाक्यं पूर्ण. खऱ्या माणसाची तुटक, गावची लय असलेली. मोजताना, ठेच लागल्यावर, झोपेत बडबडताना माणूस मूळ भाषेत जातो, हे प्रशिक्षणातही बजावलं जाई. आणि मराठीकडे जे हत्यार आहे ते इंग्रजीकडे नाही: तू, तुम्ही, आपण. चौकशी करणारा 'आपण'ने सुरू करतो, 'तुम्ही'वर येतो. दुसऱ्या अंकात एकदाच, पाणी पुढे करताना, तो 'घे' म्हणतो. तो अपमान आहे की जवळीक, हे नायकाला कळत नाही. प्रश्न उरतो की नायक उत्तरात 'तू' म्हणतो का. तो म्हणाला, तर फितुरी त्या एका सर्वनामात झाली, सही नंतर होईल.

चुकीला दृश्य खूणही लागते. 'नरो वा कुंजरो वा' म्हणताच युधिष्ठिराचा चार अंगुळं वर चालणारा रथ जमिनीला टेकला. युद्ध जिंकलं, पण चाकाला धूळ लागली. तुमच्या नायकाचा रथ कुठला ते ठरवा. कदाचित मेलेल्या मित्राचे ते उसने बूट.

आणि शेवट. लंडनच्या अधिकाऱ्याने येऊन खांद्यावर हात ठेवायचा प्रवेश पूर्ण काढून टाका. त्याजागी १९४८ च्या पॅरिसमधली कोर्टाची खोली पाहा. आँरी देरिकूर हा हेरांची विमानं उतरवायची व्यवस्था पाहणारा माणूस जर्मनांच्या संपर्कात होता, त्याने हेरांची टपालं त्यांना पाहू दिली, हा आरोप. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला हे हेर पाठवणाऱ्या लंडनच्या खात्यातला एक माजी वरिष्ठ, निकोलस बॉडिंग्टन, उभा राहिला. देरिकूर निर्दोष सुटला. बाहेर ज्यांची माणसं परतली नाहीत ते लोक उभे आहेत. तुमचा नायक असा सुटून दारातून बाहेर येऊ दे आणि पहिल्या अंकातल्या त्या मित्राची बहीण समोर उभी असू दे. ती आरोप करत नाही. भाऊ कुठल्या तारखेला पकडला गेला, एवढंच विचारते, कारण घरी श्राद्धासारखं काही करायचं तर तारीख लागते. नायकाला ती नेमकी माहीत आहे. प्रेक्षकालाही माहीत आहे. तो तारीख सांगतो आणि दिवे जातात.